जुलैची झाडं, मार्चची आग

ठाण्यात पाऊस स्थिरावला की रोपांचे टेम्पो निघतात. सोसायट्यांची मंडळी, एनएसएसची मुलं, कंपनीच्या टी-शर्टातले लोक, शाळांच्या बसगाड्या. एखाद्या रविवारी उपवन तलावापासून येऊरच्या चढापर्यंत गाडी लावायला जागा मिळत नाही. या गर्दीबद्दल माझी तक्रार नाही. खड्डा खणणारे हात चांगल्याच कामाला लागलेले असतात. पण तोच डोंगर मार्चमध्ये पेटतो, तेव्हा वर जायला माणसं नसतात. जुलैत लावलेलं रोप तोवर आठ महिन्यांचं होऊन गुडघ्याला लागलेलं असतं. ते अर्ध्या मिनिटात संपतं. त्याच्या आजूबाजूला कुणीही न लावलेली, आपली आपण उगवलेली ऐनाची, सागाची, कुड्याची कितीतरी रोपं असतात. तीही त्याच आगीत जातात आणि त्यांची कुठेच नोंद होत नाही.

मी गेली काही वर्षं येऊरच्या बाजूला वणवा विझवायला जाणाऱ्या लोकांमध्ये आहे. पोटापाण्याची नोकरी वेगळीच आहे, तिचा जंगलाशी काही संबंध नाही. अंगावर गणवेश नाही, पगार नाही. वनखात्याच्या वहीत नाव आणि फोन नंबर तेवढा लिहिलेला आहे. हे काम नेमकं काय असतं आणि त्यासाठी ठाण्यातून आणखी माणसं वर यायला हवीत असं मला का वाटतं, ते सांगायचं आहे.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा उतार. हे उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. त्याचा मोठा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, हे पुष्कळ ठाणेकरांनाही माहीत नसतं, कारण ‘नॅशनल पार्क’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बोरिवलीचं फाटक येतं. उपवन तलावावरून वर चढलं की पाटोणपाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा असे पाडे लागतात. वारली, मल्हार कोळी अशी जुनी वस्ती. महापालिकेच्या हद्दीत असूनही रीतभात गावाचीच. पावसाळ्यात भात, परसात लाल माठ, वाघोबाला मान. रात्री अंगणातून बिबट्या गेला तर सकाळी त्याची बातमी होत नाही, फक्त कोंबड्या मोजल्या जातात.

पावसाळ्यात हा डोंगर इतका हिरवा असतो की तो पेटू शकेल यावर विश्वास बसत नाही. पण हे पानगळीचं जंगल आहे. डिसेंबरपासून साग, ऐन, सावर पानं टाकायला लागतात. गवत माणसाच्या कमरेइतकं उंच होऊन वाळतं. फेब्रुवारीच्या शेवटी पायाखालचा पाचोळा कुरकुरीत झालेला असतो, आणि त्यानंतर पहिला पाऊस पडेपर्यंत सगळा उतार म्हणजे एक ठिणगी लांब असलेलं जळण. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं.

मी या कामात आले ती पक्षी बघता बघता. एका उन्हाळ्यात नेहमीच्या वाटेवरचा एक उतार पूर्ण काळा झालेला दिसला. मी तिथल्या वनरक्षकांना विचारलं, पुढच्या वेळी आग लागली तर मला बोलवाल का? ते म्हणाले, “ताई, आग लागल्यावर येऊन काय करणार? जानेवारीत या.”

त्या एका वाक्यात या कामाचा बहुतेक सगळा धडा होता. त्यांनी तो सहज बोलता बोलता दिला.

जानेवारीतलं काम म्हणजे जाळरेषा. आगीला तीन गोष्टी लागतात: जळण, हवा आणि उष्णता. शहरात बंब येतो, पाणी मारून उष्णता काढून घेतो आणि आग विझते. डोंगरावर बंब फक्त रस्ता असेल तिथवर येतो. येऊरच्या डांबरी रस्त्यापासून पाचशे पावलं आत गेलात की पाण्याचा पाइप पोचत नाही, आणि वणवा नेमका तिथेच असतो. हवा कुणाला अडवता येत नाही. उरतं जळण. तेवढंच माणसाच्या हाताने बाजूला करता येतं. म्हणून आग लागायच्या आधीच जंगलात पट्टे मोकळे करायचे. गवत कापायचं, पाचोळा दंताळ्याने ओढून घ्यायचा, काटक्या बाजूला टाकायच्या, आणि मग वनखात्याच्या देखरेखीखाली, थंड सकाळी, वारा पडलेला असताना, कापलेलं गवत तिथेच जाळून टाकायचं. पट्ट्यावर फक्त माती उरली पाहिजे. वणवा त्या मातीपाशी आला की त्याला पुढे खायला काही मिळत नाही.

सांगायला सोपं वाटतं. करताना पहिल्याच दिवशी कळतं की आपण शहरातले किती वाकतो आणि किती कमी वाकू शकतो. कुसळं मोज्यांतून आत घुसतात. वाळलेल्या खाजकुयलीचा वेल चुकून हाताला लागला तर दिवसभर दुसरं काही सुचत नाही. पाड्यावरच्या बायका विळ्याने सपासप पुढे जातात आणि आपण चार हात मागेच असतो. पण माझ्यासाठी या दिवसांचं महत्त्व गवत कापण्यापुरतं राहिलं नाही. पट्टा साफ करताना जमीन पायाखालची होते. कुठे खडक उघडा आहे, कुठे ओढ्याच्या पात्रात अजून ओल आहे, कुठून खाली उतरता येतं आणि कुठली घळ वरून उतरायची वाटली तरी मध्येच तुटते, हे सगळं जानेवारीत शिकलेलं असतं. मार्चच्या रात्री धुरात हीच माहिती जीव वाचवते. वनरक्षकांनी जानेवारीत का बोलावलं, ते मला तेव्हा कळलं.

वर एक बाबा आहेत. वय नेमकं त्यांनाही सांगता येत नाही. त्यांच्या लहानपणापासून ते आग विझवायला जातात. त्यांना कधी कुणी स्वयंसेवक म्हटलेलं नाही, त्यांनीही तसं स्वतःला म्हणवून घेतलेलं नाही. डोंगर पेटला की गुरांचा चारा जातो, सरपण जातं, कुडाची घरं धोक्यात येतात, म्हणून माणसं जातात. मला त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट अशी: “आधी वारा बघ. आग मग बघ.” धुराकडे बघत पळत सुटणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ते हाताने थांबवतात, मूठभर पाचोळा चुरून सोडतात आणि तो कुठे जातो ते बघायला लावतात.

वाऱ्याचं इथलं गणित असं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी पूर्वेकडून कोरडा, तापलेला वारा येतो. दुपारी तो फिरतो आणि समुद्राकडून वाहायला लागतो. हा फिरायचा वेळ सगळ्यात फसवा. तासभर ज्या बाजूला आग सरकत होती, ती बाजूच बदलते, आणि जी आगीची कड मुंगीच्या पावलांनी चालली होती ती अचानक आघाडी होऊन अंगावर येते. त्यात उतार. आग डोंगर चढते फार वेगाने, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून वाळवून ठेवतात. उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा जगभरचे वनअग्निशामक मानतात. म्हणून आगीच्या वरच्या बाजूला, चढावर, कधीही उभं राहायचं नाही. हा नियम न पाळणाऱ्या माणसाला आमच्याबरोबर पुढच्या वेळी नेत नाहीत. ते योग्यच आहे.

दुसरा नियम: जळालेल्या बाजूला राहायचं. नव्या माणसाचं मन उलटं सांगतं. त्याला हिरव्या, न जळालेल्या बाजूला उभं राहून आगीला तोंड द्यावंसं वाटतं. पण जे जळून गेलं ते पुन्हा जळत नाही. वारा फिरला, कुणी घसरलं, धूर दाटला, तर काळ्या जमिनीवर मागे सरकता येतं. तापलेली राख बुटाच्या तळव्यातून लागते, पण जीव सुरक्षित असतो.

मग झोडपणं. हिरव्या पानांची जाड डहाळी, बहुधा करंजाची, दोन्ही हातांत धरायची. आणि इथेही अंगातला जोर कामाचा नाही. डहाळी उंच उचलून दाणकन आपटली तर ठिणग्या उडून मागच्या गवतात पडतात आणि एका आगीच्या दोन होतात. डहाळी आगीवर टेकवायची, दाबायची आणि जळालेल्या बाजूला ओढून घ्यायची, म्हणजे निखारे काळ्यात जातात. पुन्हा टेकवायची. हे शिकायला मला जितका वेळ लागला, तितका दुसऱ्या कशाला लागला नाही. वनखात्याकडे आता पाठीला लावायचे, हवेचा झोत सोडणारे ब्लोअर आहेत. पाचोळ्याच्या आगीत ते चार माणसांचं काम करतात, जळता पाचोळा आत ढकलून मातीचा पट्टा उघडा करतात. पण त्यांना पेट्रोल लागतं, पाठीवर ओझं होतं आणि दगडधोंड्यांच्या उतारावर ते घेऊन चालणं हीच एक कसरत असते. त्यामुळे ब्लोअर पुढे आणि डहाळ्यावाले मागे, अशी रांग चालते. पुढच्याच्या हातून जे सुटतं ते मागचा विझवतो. शेवटचा माणूस सगळ्यांत अनुभवी असतो, कारण त्याच्या मागे बघणारं कुणी नसतं.

रात्रीच्या वणव्याचा आवाज मला आधी माहीत नव्हता. फोटोत आवाज नसतो. वाळलं गवत जळताना मोठ्या पावसाचा आवाज येतो, आणि मधूनच बांबूच्या पेरांतली हवा तापून पेर फुटतं तेव्हा फटाका वाजावा तसा बार होतो. तो पहिल्यांदा ऐकला त्या रात्री आम्ही पाड्यावरची माणसं, वनरक्षक, वनमजूर आणि शहरातून आलेले असे मिळून जेमतेम एका रांगेपुरते होतो. खाली घोडबंदर रोडच्या इमारतींचे दिवे दिसत होते. हजारो खिडक्यांतून ही आग दिसत असणार. पुष्कळांनी तिचे व्हिडिओही काढले होते, ते मी नंतर पाहिले. त्यांना दोष द्यावासा मला वाटला नाही. आग दिसल्यावर कुणाला कळवायचं, हेच त्यांतल्या अनेकांना माहीत नव्हतं. वनखात्याची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६ या नंबरवर आहे. अग्निशमन दल १०१, आणि कुठलाच नंबर आठवला नाही तर ११२. आग कुठल्या इमारतीच्या, कुठल्या टॉवरच्या मागे दिसते एवढं नीट सांगितलं तरी वरच्या माणसांचा मोलाचा वेळ वाचतो.

आता उपग्रहही आग बघतात. भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेकडून आगीचे इशारे मोबाइलवर येतात, आणि सामान्य नागरिकालाही त्यासाठी नाव नोंदवता येतं. सोय उत्तम आहे. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळांनाच डोक्यावरून जातो, आणि त्याला दिसणारा एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटरचा असतो. त्या दोन फेऱ्यांच्या मध्ये पेटलेली आग इशारा येईपर्यंत टेकडी ओलांडते. आजवर आमच्याकडे सगळ्यात आधी आलेली खबर नेहमी पाड्यावरून आली आहे. चुलीपुढे बसलेल्या कुणाला तरी वेगळा वास येतो. सरपणाचा धूर आणि ओल्या-सुक्या जंगलाचा धूर हे वास त्यांना वेगळे कळतात. मलाही आता थोडे कळतात.

आग विझली असं वाटतं तेव्हा खरं कंटाळवाणं काम सुरू होतं. पडलेले ओंडके आतून धुमसत राहतात. जुन्या झाडाच्या ढोलीत निखारा शिरला तर झाड धुराड्यासारखं आतून दोन दिवस जळत बसतं, आणि तिसऱ्या दिवशी वाऱ्याची झुळूक आली की ठिणगी बाहेर. म्हणून काठाकाठाने चालायचं, हाताची मागची बाजू ओंडक्याजवळ नेऊन ऊब बघायची, फावड्याने निखारे उकरून मातीत घोळवायचे. पाठीवरून आणलेलं थोडं पाणी इथे वापरायचं, ज्वाळांवर नाही. सगळ्यांना घरी जायचं असतं. कुणाला सकाळची लोकल पकडायची असते. तरीही या तासा-दोन तासांत जो थांबतो तोच खरा कामाचा माणूस, असं मी आता ठामपणे म्हणते. रांगेत पुढे राहून झोडपणारे पुष्कळ भेटतात. पहाटे राख उकरत बसणारे कमी.

वणवे लागतात कसे, यावर शहरात फार लवकर निकाल दिला जातो. “आदिवासी लावतात.” हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, आणि दर वेळी मला राग येतो. आपल्याकडे वणवा आपोआप लागत नाही, तो माणसाकडूनच लागतो, हे खरं आहे. कारणं मात्र अनेक आहेत. ठाणे-रायगडच्या भातशेतीत पेरणीआधी राब भाजतात. फांद्या, पाला, शेण, माती यांचे थर रचून वाफा जाळायचा, म्हणजे तण मरतं आणि रोपं जोमदार येतात. शेतकरी भाजणी करताना कडेला उभा असतो, पण वारा फिरला तर राबाची आग बांधावर आणि बांधावरून रानात जाऊ शकते. मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची पद्धत आहे. त्याऐवजी झाडाखाली जाळी किंवा जुनी साडी अंथरली तर फुलंही स्वच्छ मिळतात, आणि हे आता काही ठिकाणी रुजतंय. नवं गवत लवकर फुटावं म्हणून कुणी कुरण पेटवतं. शिकारी ससा किंवा डुक्कर बाहेर काढायला रान पेटवतात. आणि मग रस्त्याकडेला शेकोटी करून, सिगारेटचं थोटूक टाकून, बाटल्या तिथेच ठेवून जाणारे आपलेच शनिवार-रविवारचे पाहुणे आहेत. वर्षानुवर्षं जे रात्री-अपरात्री डोंगर विझवतात त्यांच्याच माथी सगळी आग मारणं हा अन्याय आहे, एवढं मला बोलायलाच हवं.

गवत जाळलं की चांगलं फुटतं, ही समजूत अगदी खोटी नाही, म्हणूनच ती टिकून आहे. राखेमुळे आणि उघड्या झालेल्या जमिनीमुळे कोवळा फुटवा लवकर दिसतो. पण दरवर्षी जाळत राहिलं की वरचा मातीचा थर उघडा पडतो आणि पहिल्याच जोरदार पावसात ओढ्याला जातो. साग, पळस, सावर, ऐन यांच्या जाड सालीमुळे मोठी झाडं तगतात. लहान रोपं तगत नाहीत. म्हणजे लांबून पाहिलं तर जंगल उभं दिसतं, आत मात्र पोरं नसलेलं गाव असतं. रातवा पक्षी घरटं न बांधता उन्हाळ्यात जमिनीवर पाचोळ्यातच अंडी घालतो. त्याला पळून जाता येतं, अंड्यांना नाही.

आणि कारवी, डोंगरउतारावरचं झुडूप. २०१६ नंतर २०२४ मध्ये कारवी पुन्हा फुलली. आठ वर्षांतून एकदा डोंगर निळा-जांभळा होतो, ते बघायला लोक लांबून आले, मीही वेडी होऊन फिरले. पण फुलणं झालं, फळं धरली की ती झाडं मरतात. डोंगराच्या डोंगर वाळलेल्या काटक्यांचे होतात. बी मात्र त्या वाळक्या फळांत तसंच बसून राहतं, पुढच्या पावसाच्या पहिल्या सरींनी फळं भिजून तडतडत उघडेपर्यंत. म्हणजे २०२५ चा उन्हाळा असा होता की उतारावर नेहमीपेक्षा जास्त जळण उभं होतं आणि त्याच जळणाला पुढच्या पिढीचं बी लटकलेलं होतं. त्या हंगामात आम्ही कारवीच्या उतारांभोवतीचे पट्टे दोनदा साफ केले. वनरक्षक, पाड्यावरच्या बायका, आम्ही शहरातले, सगळ्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही. जून लागेपर्यंत कुणीही निवांत झोपलं असेल असं मला वाटत नाही.

जगात इतरत्र हे काम लोकांनी केव्हाच अंगावर घेतलं आहे. चिली देशाचं अग्निशमन दल पूर्णपणे स्वयंसेवकांचं आहे. वाल्पाराइसो या बंदराच्या शहरात १८५१ मध्ये त्याची सुरुवात झाली. जर्मनीतल्या लहान गावांत आगीचा भोंगा वाजला की बेकरीवाला, शिक्षक, सुतार कामं टाकून निघतात. ऑस्ट्रेलियातल्या ग्रामीण भागात वणव्याशी झुंजणारे बहुतांश लोक बिनपगारी असतात. त्यांच्याकडे प्रशिक्षण असतं, पोशाख असतो, विमा असतो, आणि गावात त्यांना मान असतो. आपल्याकडे वेगळंच आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार राखीव किंवा संरक्षित वनात ज्यांना चराई, सरपण असे हक्क आहेत, त्यांनी वणव्याची खबर देणं आणि तो विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. कर्तव्य कायद्याने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी गावकऱ्यांवर टाकलं. त्या कर्तव्याबरोबर द्यायचे बूट मात्र अजून सगळ्यांपर्यंत पोचलेले नाहीत. मी पाड्यावरच्या मुलांना प्लास्टिकच्या चपलांत आगीच्या कडेने चालताना बघितलं आहे. शहरातून येणाऱ्या आमच्यासारख्यांपेक्षा आधी त्यांना बूट, सुती जाड कपडे, डोक्याला लावायचे टॉर्च आणि विमा मिळाला पाहिजे. यासाठी मी अर्ज लिहिते, लोकांना भेटते, आणि पुढेही भेटत राहीन.

कपड्यांचं एक सांगते. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ मध्ये याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले साठहून अधिक जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ त्या दिवसापासून आठवडा पाळतात, प्रात्यक्षिकं होतात. तो आमच्या हंगामाच्या ऐन मध्यावर येतो. अशाच एका प्रात्यक्षिकात एका जवानाने ट्रेकिंगच्या पॅंटचा तुकडा ज्वाळेवर धरून दाखवला. तो जळला नाही, वितळला. वितळून कातडीला चिकटणारं कापड अंगावर घेऊन आगीजवळ जायचं नाही. तेव्हापासून मी जुना सुती शर्ट, जीन्स, घोट्याच्या वरपर्यंत येणारे चामड्याचे बूट आणि गळ्यात ओला पंचा असा वेश करते. हल्ली डोंगरावर जाणारे सगळे चकचकीत पॉलिस्टरमध्ये असतात. ते इतर दिवशी ठीक आहे.

घरी आधी विरोध झाला. आईचं म्हणणं, “तुला काही झालं तर?” या प्रश्नाला चटकन देता येईल असं उत्तर नाही. मी तिला एकदा जानेवारीत वर घेऊन गेले. पट्टा साफ करून झाल्यावर पाड्यावर भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि चहा झाला. आईने पाड्यावरच्या एका मावशींना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? मावशी म्हणाल्या, “वाटते ना. म्हणून तर लवकर जातो.” आई त्यावर काही बोलली नाही, पण तेव्हापासून हंगामात माझ्या पिशवीत ओआरएसची पाकिटं तीच भरून ठेवते.

हे वाचून कुणाला थेट आगीकडे धावावंसं वाटलं तर त्यांनी कृपया धावू नये. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे, आणि अनोळखी उतारावर एकटा शिरलेला माणूस विझवणाऱ्यांचं काम दुप्पट करतो, कारण मग आग सोडून त्याला शोधावं लागतं. दम्याचा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी आगीच्या कडेला येऊ नये. कामं आणखी पुष्कळ आहेत. रस्त्यावर उभं राहून गाड्या अडवायला, पाणी आणि गूळ-शेंगदाणे वर पाठवायला, कोण वर गेलं आणि कोण परत आलं याची वही सांभाळायला माणसं लागतात. ही वही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती सांभाळणाऱ्या आमच्या निवृत्त काकांनी आजवर एकदाही ज्वाळा जवळून पाहिलेली नाही, आणि त्यांच्याशिवाय आम्ही वर जात नाही.

जुलैच्या वृक्षारोपणाला येणाऱ्यांपैकी दहातला एक जरी जानेवारीत आला तरी पट्ट्यांचं काम निम्म्या वेळात उरकेल. त्याला खड्डा खणावा लागणार नाही, रोप विकत घ्यावं लागणार नाही. जी रोपं जंगलाने स्वतः लावली आहेत तीच एक उन्हाळा राखायची. असे लागोपाठ तीन-चार उन्हाळे राखले गेलेले दोन उतार मी बघते आहे. तिथे आता कुड्याची आणि ऐनाची झाडं माझ्या खांद्यापर्यंत आली आहेत. शेजारच्या, दरवर्षी पेटणाऱ्या उतारावर अजून गवतच आहे.

पुढच्या हंगामाचे पट्टे ठरवायची बैठक दिवाळीनंतर वर पाड्यावरच होते. ज्यांना यायचं आहे त्यांनी येऊरच्या वन कार्यालयात आधी नाव नोंदवावं, ओळखपत्राची प्रत द्यावी. विळे आणि दंताळी तिथे मिळतात. हातमोजे आणि पाण्याची बाटली आपली आपण आणायची, आणि सकाळी सातच्या आत पोचायचं, कारण दहानंतर ऊन आणि वारा दोन्ही चढतात आणि बाबा काम थांबवायला लावतात.